जातानाचा पट्टा

मच्छिंद्र : नाही मावशी, तिथं नाही. मशीनच्या पुढं कुणी उभं राहायचं नाही. तुम्ही त्या ओट्यावर जाऊन बसा बरं.

झुंबरबाई : आन् म्या वट्यावर बसल्यावर मशीन वढायचं कुनी?

मच्छिंद्र : कुणीच नाही. इंजिन आहे त्याला. पेट्रोल घातलं, चालू केलं, की आपलं आपण पुढं जातं.

झुंबरबाई : आपलं आपन? मग माळीबुवांनी मागं काय करायचं? हवा खायची?

मच्छिंद्र : मामांनी दांडा धरायचा, दिशा द्यायची. बस्स.

सहादेव : फिटर, तू नगरास्नं आलास, तुला हितली रीत ठावं न्हाई. ह्या कॅनॉलाच्या सायबाच्या बंगल्यावरचं गवत दोघं मिळून कापत्यात. झुंबरबाई कमरंला दोर घिऊन म्होरं वढती, मी मागनं दांडा रेटतो. त्ये बघ जुनं मशीन, शेडात पडलंय. लोखंडाचं धूड हाय नुसतं, एकट्याला जागचं हलत न्हाई.

मच्छिंद्र : म्हणून तर साहेबांनी हे नवं मागवलं. आता नीट ऐका, मला पुन्हा पुन्हा इथं यायला जमणार नाही. सगळ्यात आधी हिरवळीवर एक चक्कर मारायची. खडा, काटकी, खिळा, कुत्र्यानं आणून टाकलेलं हाड, जे असेल ते वेचायचं. पात्यात खडा सापडला तर गोफणीतून सुटावा तसा सुटतो. डोळा जायचा एखाद्याचा.

झुंबरबाई : ते म्या सकाळीच वेचलंय. रोज वेचते.

मच्छिंद्र : हे झकास केलंत. दुसरं, गवत ओलं असताना चालवायचं नाही. दव वाळू द्यायचं. ओलं गवत पात्याला चिकटतं, आणि पाय घसरतो तो वेगळाच. तिसरं... मामा, पायात काय आहे तुमच्या?

सहादेव : काय न्हाई.

मच्छिंद्र : तेच म्हणतो मी. बूट पाहिजेत. साहेबांनी दिलेत ना बूट?

सहादेव : दिल्यात. खुटीला टांगल्यात. बूट घातलं की पाय बहिरा हुतो बघ. अनवानी चाललं की कळतं, कुठं वल हाय, कुठं मूळ सुटलंय.

झुंबरबाई : आन् काटा रुतला की लंगडत कोन फिरतं, ते न्हाई सांगत! घाला की बूट. ल्हान लेकरावानी काय करताव?

सहादेव : घालतो गं बाई. वरडू नगं.

मच्छिंद्र : पेट्रोल भरायचं ते इंजिन गार असताना. तापलेल्या इंजिनात ओतायचं नाही. आणि भरताना बिडी नको.

सहादेव : मी बिडी वढीत न्हाई.

झुंबरबाई : आता! फिटरापुढं खोटं? अवो, म्या पुढं चालते म्हनून मला वास येत न्हाई व्हय?

मच्छिंद्र : तुमचं दोघांचं नंतर चालू द्या. ही दोरी बघा.

झुंबरबाई : आगं बया, दोरी हाय की हिलाबी!

मच्छिंद्र : ती ओढायची दोरी नाही, मावशी. इंजिन चालू करायची. एक झटका द्यायचा आणि सोडून द्यायची.

झुंबरबाई : झटका द्यायचा आन् सोडून द्यायची. बरंय.

मच्छिंद्र : मामा, इकडं लक्ष. ही दांड्यावरची मूठ क्लचची. दाबून धरली की मशीन चालतं, सोडली की जागेवर थांबतं. हा लाल खटका, तो दाबला की इंजिनच बंद. काहीही गडबड झाली, की आधी मूठ सोडायची. आणि पात्यात काही अडकलं तर हात घालायचा नाही. आधी मशीन बंद, मग प्लगची ही वायर उपसायची, मग काठीनं काढायचं. आमच्या वर्कशॉपात एकजण आहे, त्याला विचारा, बोटं पुन्हा उगवत नाहीत.

सहादेव : आन् ही खालची उताराची बाजू? कॅनॉलाकडची?

मच्छिंद्र : उतारावर आडवं चालवायचं. वरून खाली, खालून वर असं नाही. आणि गवत एकदम मुळापासून भादरायचं नाही. शेंड्याशेंड्यानं घ्यायचं. लोभ केला की हिरवळ पिवळी पडते.

सहादेव : त्ये मला सांगू नगंस. दुस्काळात ही हिरवळ पार जळून गेल्ती. आमी दोघांनी बंगल्यातलं आंघुळीचं पानी घागरीनं घालून घालून वाचिवली.

मच्छिंद्र : तुमचं काम चांगलंच आहे, मामा. मी फक्त मशीनचं सांगतो. आता शेवटचं. कापलेल्या गवताचा पट्टा सरळ यायला पाहिजे असेल तर चालताना मशीनकडं बघायचं नाही. लांबची एक खूण धरायची, झाड म्हणा, खांब म्हणा, आणि नजर तिथंच ठेवून चालायचं.

सहादेव : मी दोराच्या गाठीकडं बघायचो.

मच्छिंद्र : कुठल्या?

सहादेव : बाई कमरंला लुगड्याची घडी बांधती, दोर कातू नये म्हनून. त्या घडीवर, पाठीमागं, दोराची गाठ येती. तिच्यावर नजर ठिवून चालायचो. पट्टा कदी वाकडा आला न्हाई.

मच्छिंद्र : आता ती गाठ नसणार. दुसरी खूण शोधा. एकट्या माणसाचं काम आहे हे आता.

झुंबरबाई : व्हय. सायबबी तसंच म्हनले काल.

सहादेव : काय म्हनले सायेब?

झुंबरबाई : आता बाईचं काम ऱ्हायलं न्हाई म्हनले. गावाकडं जायचं तर दुपारच्या यष्टीनं जा.

सहादेव : कवाच्या दुपारच्या?

झुंबरबाई : आजच्या.

मच्छिंद्र : अं... मी काय म्हणतो, साहेबांच्या जीपचं काहीतरी खडखडतंय, ड्रायव्हरनं मघाशी बोलावलं होतं. बघून येतो. मामा, मी येईपर्यंत मशीनला हात लावू नका.

सहादेव : जा तू.

झुंबरबाई : भला हाय पोरगा.

सहादेव : आज जायाचंय आन् मला आत्ता सांगतीस?

झुंबरबाई : कवा सांगू? काल मशीन चाललं व्हतं का?

सहादेव : मशीन न्हाई चाललं म्हनून काय झालं? मी हितंच हुतो. तिकडं गुलाबाची आळी करत हुतो.

झुंबरबाई : आन् म्या तिथं येऊन काय म्हनू? सायबाच्या बाई खिडकीत, खानसामा दारात. आपलं बोलनं म्हंजी मशीन चालतंय तवरच. तुमाला काय नवीन हाय का हे?

सहादेव : न्हाई. नवीन न्हाई.

झुंबरबाई : जाताना म्या बोलायचं, येताना तुमी. कोपऱ्यावर वळलं की पाळी फिरली. कदी कुनी कुनाची पाळी खाल्ली न्हाई.

सहादेव : तू खाल्लीस की. तुझ्या भावजयीच्या कोंबड्यांची गोष्ट चार पट्टे चालली व्हती.

झुंबरबाई : ती गोष्टच तेवढी व्हती! आन् तुमचं काय, गोदावरीचा पूर? पुनतांब्याचा घाट बुडला, देवळात पानी शिरलं... दर पावसाळ्याला नवा पूर. पानी दरसाल एक पायरी वर चढायचं.

सहादेव : तुला आवडायचं म्हनून चढवायचो.

झुंबरबाई : म्हायती व्हतं मला.

सहादेव : अशी तोंडाकडं बघत बोलाया लागलीस की मला काय सुचत न्हाई बघ.

झुंबरबाई : मलाबी. थांबा, म्या पाठ करते. हां. आता बोला.

सहादेव : कुठं जानार तू?

झुंबरबाई : कुठं जाईन? पाथर्डीकडं, मपल्या भावाकडं. कानिफनाथाकडं. त्याची बायको म्हनंल, आली का आता बसून खायाला. तिचंबी चुकत न्हाई, त्यांचंच कसंबसं भागतंय. बसून न्हाई खानार म्या. ऊसतोडीची टोळी निघाली की जाईन परत.

सहादेव : ह्या वयात कोयता?

झुंबरबाई : कोयत्यानंच तर हिकडं आनलं. टोळीसंग आले, नवरा दुसरीला घिऊन टोळीसंगच गेला, आन् म्या कॅनॉलाच्या कडंला बसून ऱ्हायले. तुमीच म्हनला व्हतात तवाच्या सायबाला, की दोर वढायला एक मानूस द्या.

सहादेव : माझा जुना जोडीदार वारला व्हता. मानूस पायजेच व्हतं.

झुंबरबाई : गडी मागता आला असता. गडी काहून न्हाई मागितला?

सहादेव : त्ये... तू तिथं बसली व्हतीस.

झुंबरबाई : हं.

सहादेव : जाऊ नगं.

झुंबरबाई : काय?

सहादेव : जाऊ नगं म्हनलं. आज बोलायचं न्हाई तर कवा? बायकू गेली तवा पुनतांबा सुटलं. पोरगं दसऱ्याला सोनं द्याया येतं, पाया पडतं, च्या पितं आन् जातं. बाकी वरीसभर माझ्या खोलीत कुनी तोंड उघडत न्हाई. मीबी न्हाई. सकाळी उठून मी दव वाळायची वाट बघतो, बाई. दव वाळलं की मशीन निघनार, आन् मशीन निघालं की कुनीतरी माझ्याशी बोलनार. मला दुसरं काय न्हाई ह्या जगात.

झुंबरबाई : आसं बोलू नका. मला पाठ करूनबी आयकवंना.

सहादेव : मग ऱ्हा की.

झुंबरबाई : काय म्हनून ऱ्हाऊ? सांगा ना. म्या नवऱ्यानं टाकलेली बाई. रांडव न्हाई, सवाशीन न्हाई. तुमच्यासंग दोन शब्द बोलले तर लोक त्याला धा शब्द लावतील. कमरंला दोर व्हता तवर कुनाच्या डोळ्यावर आलं न्हाई. बैलासारखी पुढं चालते आन् मागं मालक चालतो, त्यात कुनाला काय दिसनार? दोर गेला. आता कोन इचारलं, ही बाई हितं काहून, तर काय सांगताव तुमी?

सहादेव : सांगंन, ही माझी...

झुंबरबाई : बघा. न्हाई ना सांगता येत.

सहादेव : दोर ऱ्हायला तर?

झुंबरबाई : मंजी?

सहादेव : ह्या मशीनला म्होरं दांडी हाय बघ लोखंडाची. तिला दोर बांधू. उताराच्या बाजूला आडवं चालवायचं म्हनला ना फिटर? जड हाय ह्ये, जुन्यापरास जड. आडवं चालताना खाली घसरनारच. सायेब खिडकीत असत्यात ह्या वक्ताला. त्यांनी बघू दे, की उताराला म्होरनं धरायला मानूस लागतंय. मी सांगतो, सायेब, एकट्याच्यानं न्हाई व्हत.

झुंबरबाई : फिटर म्हनला पुढं कुनी उभं ऱ्हायाचं न्हाई.

सहादेव : उभं कुठं ऱ्हायाचंय? चालायचंच हाय. आपन जलम काढला ह्यात. जुन्या मशीनलाबी पातं व्हतंच की.

झुंबरबाई : आन् हात लावू नका म्हनला.

सहादेव : त्यो यायच्या आत एक पट्टा मारू. सायबानं बघितलं की बास.

झुंबरबाई : माळीबुवा, मला भ्या वाटतंय.

सहादेव : मी हाय ना मागं.

झुंबरबाई : आना तो दोर. घडी हायेच कमरंला, सकाळी सवयीनं बांधली गेली. काय म्हनावं ह्या हातांना.

सहादेव : गाठ घट मार. सुटाया नगं.

झुंबरबाई : मारली. लावा तुमचं इंजिन.

सहादेव : झटका द्यायचा आन्... आलं! झालं चालू! चल!

झुंबरबाई : काय म्हनलात?

सहादेव : चल म्हनलं! चल!

झुंबरबाई : आयकू येत न्हाई वो! केवढा आवाज ह्याचा!

सहादेव : चाल तू! सायबाच्या खिडकीकडनं चाल!

झुंबरबाई : दोर सैल पडतोय! वढायला जोरच लागंना!

सहादेव : काय?

झुंबरबाई : सैल! दोर सैल! तुमचं मशीन मपल्या पाठीशी येतंय!

सहादेव : पळू नगं! चाल तशीच!

झुंबरबाई : दोर खाली गेला! अवो, दोर पात्यात... आगं माय!

सहादेव : झुंबर! गाठ सोड! झुंबर!

झुंबरबाई : सुटंना! वढतंय मला! माय गं!

मच्छिंद्र : मामा, मूठ सोडा! मूठ! हात उचला दांड्यावरनं!

सहादेव : झुंबर!

मच्छिंद्र : सोडली का? सोडली. व्हा बाजूला. हा खटका... बंद झालं. झालं बंद. मामा, हात घालू नका त्यात! अजून दोर ताणलेला आहे, पातं फिरेल. आधी वायर. उपसली. आता मावशींकडची गाठ कापतो. हलू नका मावशी, माझ्याकडं चाकू आहे.

झुंबरबाई : काप बाबा. काप.

मच्छिंद्र : पाय बघू. पाय वाचला. चार बोटांवर होतं पातं, कळतंय का तुम्हाला? चार बोटांवर! मी काय सांगून गेलो होतो? पहिलं वाक्य काय होतं माझं?

सहादेव : पुढं कुनी उभं ऱ्हायाचं न्हाई.

मच्छिंद्र : मग? अहो, जुनं मशीन माणसाच्या जोरावर चालायचं, म्हणून दोर ताठ राहायचा. हे स्वतःच्या जोरावर चालतं. त्याला ओढणारा लागत नाही, आणि ओढणाऱ्याला जोर लागला नाही की दोर सैल पडणार, पात्याखाली जाणार. आणि तुम्ही दुसरं टोक माणसाच्या कमरेला बांधता! साधी गोष्ट आहे हो!

झुंबरबाई : ओरडू नको रे त्यांच्यावर. त्यांना कळलंय. म्या धड हाय. गुडघा खरचाटला, हाताला जरा लागलं. घडी व्हती म्हनून कंबर वाचली. माळीबुवा, खाली बसा. बसा म्हनते ना. फिटर, पानी आन बाबा त्यांना.

मच्छिंद्र : आणतो.

सहादेव : मी तुला मारली असती.

झुंबरबाई : न्हाई मारली.

सहादेव : माझ्यापायी. नुसतं माझ्यापायी. मला बोलाया कुनी पायजे म्हनून तुला पात्याम्होरं बांधली मी.

झुंबरबाई : गाठ म्याच मारली व्हती. घट मार म्हनलात, तर घट मारली. मलाबी पायजे व्हतंच की.

सहादेव : हात बघू तुझा.

झुंबरबाई : राहू द्या. खिडकीत बाई हायेत.

सहादेव : आसू दे.

झुंबरबाई : मघाशी तुमी नुसतं झुंबर म्हनलात.

सहादेव : भ्यालो व्हतो.

झुंबरबाई : येवढ्या वर्सांत पहिल्यांदा. म्या खाली पडले व्हते, दोर वढत व्हता, आन् तरी मला ते आयकू आलं. येवढ्या आवाजात.

मच्छिंद्र : घ्या पाणी. मामा, घ्या. आता खरं सांगा मला, हा उद्योग कशासाठी? तुम्ही काही येडी माणसं नाहीत.

झुंबरबाई : उताराला दोन मानसं लागतात आसं सायबाला दाखवायचं व्हतं. म्या जाऊ नये म्हनून.

मच्छिंद्र : अस्सं.

झुंबरबाई : हसू नको.

मच्छिंद्र : हसत नाही, मावशी. माझी आई तिकडं अकोले तालुक्यात एकटी असते. डोंगरात घर आहे, भात आहे थोडा. मी गेलो की शेळीशी बोलत बसलेली असते. हसत नाही मी. मामा, एक करता येईल. साहेब मला विचारणारच, मशीन कसं आहे म्हणून. मी सांगतो, उताराच्या बाजूला मदतनीस पाहिजे. दोर नको, पण बाजूनं धरायला, मशीनच्या पेटीत साठलेलं गवत काढायला एक माणूस. कंपनीचा माणूस म्हणाला म्हटल्यावर ऐकतील.

सहादेव : लागतं का खरं?

मच्छिंद्र : काय?

सहादेव : मदतीला मानूस. खरं सांग. लागतं का?

मच्छिंद्र : खरं सांगायचं तर नाही. उलट चालू मशीनच्या जवळ दुसरा माणूस असणं धोक्याचंच. पण लांबून सांभाळून...

सहादेव : मग नगं.

झुंबरबाई : माळीबुवा...

सहादेव : नगं, बाई. मी मूठ सोडाया इसरलो. सांगून सांगून इसरलो. तू म्होरं असलीस, न्हाईतर शेजारी असलीस, तर माझं ध्यान तुझ्याकडंच असनार, मशीनकडं न्हाई. आज गुडघा गेला. उद्या काय जाईल ठावं न्हाई. फिटर, खरं त्येच सांग सायबाला. एकट्याचं काम हाय म्हन.

मच्छिंद्र : पक्कं?

सहादेव : पक्कं.

झुंबरबाई : बरं केलंत. तुमी ऱ्हा म्हनला असतात तर म्या ऱ्हायले असते, आन् रोज भीत भीत चालले असते. बोलनं काय झालं असतं त्यात? ह्या आवाजात आपलं आपल्याला आयकू येत न्हाई.

सहादेव : भावाकडं नीट ऱ्हा. गुडघ्याला हळद लाव.

झुंबरबाई : लावीन. तुमी बूट घाला. आन् बिडी पेट्रोलापासनं लांब वढा. वढू नका म्हनत न्हाई, लांब वढा.

मच्छिंद्र : दोर निघाला पात्यातून. तुकडे झालेत सगळे. पात्याला काही झालेलं नाही, पुन्हा चालू करून बघावं लागेल पण. मामा, आज चालवता का? नाहीतर मी एक पट्टा मारतो.

झुंबरबाई : तू न्हाई. त्यांनीच मारायचा. आज भिऊन सोडलं तर परत हात न्हाई लावायचे ते. म्या वळखते.

सहादेव : मूठ सोडाया परत इसरलो तर?

झुंबरबाई : न्हाई इसरायचे आता. आयका मपलं. यष्टी यायला येळ हाय अजून. म्या मपलं गठुडं घेते आन् फाटकाबाहेर जाते. चिंचंखाली, यष्टी थांबती तिथं. हिरवळीच्या ह्या टोकापासनं चिंच नीट समोर दिसती. फिटर, फाटकापरयंत यायचं न्हाई ना मशीन?

मच्छिंद्र : नाही, कुंपणाच्या आत वळायचं. तुम्ही बाहेर रस्त्यापलीकडं लांब आहात. तिथं काही भीती नाही.

झुंबरबाई : मग झालं. तुमाला खूण पायजे ना नजर ठिवायला? म्या उभी ऱ्हाते तिथं. इकडं तोंड करून. पाठ लई बघितली तुमी मपली.

सहादेव : झुंबर...

झुंबरबाई : जातानाचा पट्टा माझा आसतो. म्या तिथनं बोलन. तुमाला आयकू न्हाई यायचं, माहीत हाय. तरी पाळी माझी हाय, ती म्या सोडायची न्हाई. तुमी नुसतं सरळ या.

सहादेव : काय बोलशील?

झुंबरबाई : ते आत्ता कसं सांगू? पाळी आली की बोलन.

सहादेव : गठुडं मी नेऊ का फाटकापतूर?

झुंबरबाई : नको. हलकं हाय. फिटर, ह्यांच्याकडं बघ रे बाबा. बूट घातल्याबिगर चालू करू देऊ नको.

मच्छिंद्र : नाही करू देत, मावशी. नीट जा.

सहादेव : फिटर, ते बूट दे. खुटीला हायत.

मच्छिंद्र : हे घ्या. बांधा नीट. मोकळी नाडीसुद्धा पात्यात जाते. हां. आता सांगा मला, आधी काय?

सहादेव : खडे येचायचे. त्ये तिनं येचल्यात. दव वाळलंय. दोराचा तुकडा ऱ्हायला न्हाई ना कुठं? बघ नीट. वायर लाव. म्होरं कुनी न्हाई. शेजारी कुनी न्हाई. तू तिकडं हो, वट्यावर.

मच्छिंद्र : झालो. पोचल्या बघा मावशी चिंचेखाली. हात केला. द्या झटका.

(मशीन सुरू होतं. सहादेव मूठ दाबतो आणि चालू लागतो. तो खाली बघत नाही. चिंचेखाली गठुडं पायाशी ठेवून एक बाई उभी आहे, तिचे ओठ हलताहेत, मधूनच ती हात हलवून काहीतरी पटवून देते, एकदा हसते, एकदा पदरानं डोळे पुसते आणि पुन्हा बोलू लागते. मनमाडकडून आलेली यष्टी मध्ये येऊन थांबते. ती हलते तेव्हा चिंचेखाली कुणी नसतं. सहादेव कुंपणापर्यंत जातो, मूठ सोडतो, खटका दाबतो.)

मच्छिंद्र : मामा! बघा मागं वळून. दोरी लावून काढल्यासारखा आलाय पट्टा. एका जागी तसूभर हलला नाही. नगरला साहेबलोकांच्या बंगल्यावरसुद्धा असा बघितला नाही मी.

सहादेव : तुला कायतरी आयकू आलं का रे? ती बोलत व्हती ते?

मच्छिंद्र : नाही हो. मी ओट्यावर होतो, इंजिन धडधडत होतं. पण बोलत होत्या खूप. यष्टी येईपर्यंत थांबल्याच नाहीत.

सहादेव : व्हय. तशीच बोलायची. कोपरा येईस्तवर.

मच्छिंद्र : बसा जरा वाटल्यास. की लगेच मारता पुढचा?

सहादेव : मारतो. अर्धं कापून ठिवलं तर हिरवळ वाईट दिसती.

मच्छिंद्र : मग वळवा मशीन. काय झालं? का थांबलात?

सहादेव : येतानाचा पट्टा माझा आसतो. बोलायचा.

मच्छिंद्र : मग बोला की, मामा. मी चालतो पुढं, मी ऐकतो.

सहादेव : नगं रे बाबा. म्होरं कुनी नसावं. तूच म्हनलास.